खिल्लारे सर आणि न बोलणारी चूक

प्रल्हाद खिल्लारे सरांची पहिली भेट वसमतला, माझ्या टायपिंगच्या दुकानात झाली. सर कॉलेजच्या नोट्स छापायला आले होते. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहून म्हणाले, "हा प्रोग्राम तुमी लिहिला? कुठं शिकलात?"

"कुठंच न्हाई सर. दहावी नापास."

"बरं झालं. चुकीचं शिकवणारं कुणी भेटलं न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी सरांच्या ओसरीवर मी शिकलो. सर कोड मोठ्यानं वाचायला लावत आणि प्रत्येक नावाशी अडवत, "हे काय आहे? आकडा, अक्षरं, का आणखी काही?" खरं सांगतो, त्या प्रश्नानं जीव मेटाकुटीला यायचा.

गेल्या हंगामात एका हळदीच्या गोदामात ओलावा मोजायचा नवा मीटर आला. त्याच्या आकड्यावरून ओलावा काढायचा नवा तक्ता मी, पोती ओली की कोरडी ते ठरवणाऱ्या माझ्या पायथन भाषेतल्या प्रोग्रामला जोडला. तरी ओली पोती कोरडी ठरू लागली, थप्पीला बुरशी धरली. पडद्यावर मात्र चूक झाल्याची एकही ओळ येईना. मग बोट गेलं मीटर वाचणाऱ्या मंगलाताईंकडे. मीही म्हणालो, आकडा टाकताना चुकत असतील. सोमवारपासून त्यांना कामावरून बंद करायचं ठरलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "दादा, मीटर दाखवतंय तेच लिहून राहिले मी. काहून खोटं लिहू?" आवाज खरा होता. कानाला कळलं, तरी मी गोदामवाल्यांना थांबवलं नाही.

शनिवारपर्यंत शोधून शोधून थकलो आणि रविवारी लॅपटॉप घेऊन सरांकडे गेलो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, पडदा पाहायची मनाई. "वाचा," म्हणाले. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीशी त्यांनी थांबवलं. दुसऱ्या फाइली कुठं शोधायच्या, त्या पत्त्यांच्या यादीत मी तिथं नव्या तक्त्याचं फोल्डर घातलं होतं.

"हे काय आहे?"

"पत्ता, सर."

"ते ऐकलं. साध्या अक्षरांत आहे का?"

नव्हता. मी पाथ ऑब्जेक्ट, म्हणजे पत्त्याचं पायथनमधलं वेगळं रूप, तसाच टाकला होता. त्या यादीत साधी अक्षरं नसली की पायथन तक्रार करत नाही, मुकाट पुढं सरकतं. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची जुनी फाइल होती, जुन्या मीटरच्या तक्त्याची. प्रोग्राम तीच उचलत होता. पत्त्याची अक्षरं करून दिली आणि आकडे जुळले.

"झालं सर," म्हणून मी अंग टाकलं.

"प्रोग्रामचं झालं. त्या बाईंचं?"

"उद्या गोदामात सांगतो."

"उद्या सोमवार आहे."

डोळ्याला हिरवी पट्टी, तसेच सर माझ्या मोटारसायकलवर बसले. मंगलाताईंच्या दारातूनच मी गोदामवाल्यांना फोन लावून, चूक माझी, असं त्यांच्यादेखत सांगितलं.

ताईंनी विचारलं, "म्हंजे मशीन बी चुकतं का, सर?"

"मशीन न्हाई, ताई. ह्यांचं चुकलं. आन् हे माझे विद्यार्थी आहेत."

सर आता साठीचे झाले. आम्हा शिष्यांनी त्यांना थकवलं, त्यांनीही आम्हाला कमी थकवलं नाही. त्यांची दृष्टी निर्मळ राहो, तब्येत ठणठणीत राहो, आणि "हे काय आहे?" हा प्रश्न आम्हाला आणखी पुष्कळ वर्षं ऐकू येवो.

मंगलाताई आजही तोच मीटर वाचतात. सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकासाठी त्यांना दोन शब्द मागितले, तर म्हणाल्या, "सरांना लई आयुष्य मिळो. आन् दादा, म्या सांगितलं तेवढंच लिहा."