वगळलेल्या चार ओळी

कस्तुराबाईंच्या मेथीची जुडी कधी सैल नसायची. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या बसल्या, की शेजारच्या बायका आपापल्या जुड्या पुन्हा आवळून बांधत. कोणी फार घासाघीस केली, तर म्हणायच्या, "बाप्पा, फुकट घेऊन जा, पन माह्या मेथीले नावं ठेवू नोको."

चार वर्षांपूर्वी, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. हा शब्द मी आज लिहितो आहे. तेव्हा तो माझ्या तोंडून निघत नव्हता. अकोल्याला ऑपरेशन झालं, सलाइनी झाल्या, केस गेले आणि परत आले. मग रोज एक गोळी सुरू झाली, पाच वर्षं घ्यायची. त्या पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाऊ लागल्या.

आमच्या गावात कागद आला की माझ्याकडे आणायची रीत आहे, कोर्टाची नोटीस असो की बँकेचं पत्र. गोळीसोबत दवाखान्याने मराठीत छापलेलं एक पत्रक दिलं होतं. कस्तुराबाईंना वाचता येत नाही. त्यांचे यजमान शालिकराम ते घेऊन माझ्या ओसरीवर आले. सोबत त्या होत्या आणि मुलगा हर्षल, माझा जुना विद्यार्थी. रस्त्याने जाणारे गावातले फुलचंदही सहज टेकले.

मी मोठ्याने वाचू लागलो. गोळी वेळ न चुकवता घ्या. तपासणीला या. पुढची ओळ 'पाळी बंद झालेल्या स्त्रियांनी' अशी सुरू होत होती. समोर हर्षल. कस्तुराबाईंनी पदर पुढे ओढून मान खाली घातलेली. मी चार ओळी गाळल्या आणि एकदम पौष्टिक आहारावर आलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकोणतीस वर्षं मी मुलांना ओळ न गाळता वाचायला शिकवलं होतं.

त्या ओळींत लिहिलं होतं, की पाळी गेल्यावर हाडं विरळ होऊ लागतातच आणि या गोळीने ती आणखी लवकर होतात. म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता तपासून घ्या, डॉक्टरांना विचारून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्या, रोज चाला, पडू नका. शालिकरामांना नंतर एकटं गाठून सांगू, असं मी ठरवलं होतं. ते नंतर कधी आलंच नाही.

गेल्या महिन्यात त्या अंगणात पाय अडखळून पडल्या. उंचावरून नव्हे, चालता चालता. तेवढ्याने डावं मनगट मोडलं. प्लास्टर झाल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेलो.

"मावशी, हाडांची तपासणी कधी केली होती?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "गोळीच्या पत्रकात लिहिलं होतं."

"नाई जी," कस्तुराबाई ठामपणे म्हणाल्या. "गुरुजींनं सबन वाचून दाखवलं. तसं काई असतं, तं त्याईनं सांगतलंच असतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

शालिकराम उसळले, "मंग ते गोळीच बंद करा! हाडं खाऊन राह्यली ते."

"ती बंद करायची नाही, काका. आजार परत येऊ नये म्हणून ती आहे. हाडांवर वेगळे उपचार करू."

तपासणी झाली. परतताना चहाला थांबलो. मी कप बाजूला सारला.

"कस्तुराबाई, त्या कागदात होतं. मी वाचलं नाही."

"काहून?"

"पाळीचा शब्द होता. हर्षल समोर होता."

शालिकरामांनी बशी खाली ठेवली. कस्तुराबाईंनी प्लास्टरचा हात उचलून दाखवला.

"बाप्पा गुरुजी, लाज तुमाले आली अन् हाड माह्यं मोडलं."

मग त्याच म्हणाल्या, "म्या बी पदर वढला होता म्हना. तुमी तरी काय करान!"

ही समजूत मला अधिक लागली. पदर ओढायला त्यांना मोकळीक होती. वाचायचं काम माझं होतं.

आठवड्याने हाडांचा अहवाल आला, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. शालिकरामांनी सवयीने तो आणि सोबतचा सूचनांचा कागद माझ्या हातात दिला. कस्तुराबाईंनी उजवा हात पुढे करून दोन्ही काढून घेतले.

"सुप्रिया वाचते," त्या म्हणाल्या. सुप्रिया म्हणजे हर्षलची बायको, दोन वर्षांपूर्वी या घरात आलेली.

तिने खणखणीत आवाजात वाचलं. स्तन, पाळी, खुब्याचं हाड, मणका. हर्षल तिथेच उभा होता.

"मंग बाजाराले जाता येईन का नाई?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"चालायचं तं रोजच आहे, आई. पन पाटी डोक्यावर नाही घ्यायची."

"मी नेऊन देतो पाटी," हर्षल म्हणाला.

कस्तुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सुप्रिया, पुन्हा वाच. पह्यल्यापासून."

तिने पुन्हा वाचलं. मी मान खाली घालून दोन्ही वेळा ऐकलं.