अंगणातली चुन्याची रेघ

माझी आई गुडघ्यांवर बसून आमच्याच अंगणात चुन्याची रेघ ओढत होती. समोर खुर्चीवर दाऊ. खुर्चीही आमच्याच घरातली. दाऊ म्हणजे गावचा सरपंच, पिढीजात जमीनवाला. बाजूला पटवारी, कोतवाल आणि तमाशा बघायला जमलेलं गाव. मी शाळकरी पोरगी. चुन्याचं घमेलं माझ्या हातात दिलेलं.

आईचा गुन्हा काय? आदल्या दिवशी पटवाऱ्यानं नवी हद्द आखली होती. रेघेच्या अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे भिलाईचं नगर निगम. दाऊच्या गोठ्यापाशी रेघ वळली. आमच्या अंगणातून मात्र सरळ गेली. घर पलीकडे, बोरिंगचा हातपंप अलीकडे. सकाळी आईनं रोजच्यासारखा शेणाचा सडा घातला. भंडाऱ्याकडची बाई ती. सड्याशिवाय चूल पेटवत नाही. रेघ सड्याखाली गेली.

"मिटाया है तो बना भी. हाथ से," दाऊ म्हणाला.

ओल्या हाताला चुना खातो. आईचे तळवे लालबुंद झाले. रेघ पुरी झाली तशी ती बोरिंगकडे वळली.

"हात जळून राहिले जी. धुतो अन् येतो."

"नल पंचायत का है. तुम लोग अब निगम के हो."

लोक हसले. आई पदराला हात पुसत माघारी आली. दाऊचं बोलणं एक वेळ विसरेन. ते हसणं नाही विसरणार.

त्याच संध्याकाळी बोरिंगच्या दांड्याला साखळी पडली. किल्ली दाऊच्या घरी. गावाला सकाळ-संध्याकाळ उघडून मिळे. आमच्या वस्तीला नाही. आमची वस्ती म्हणजे विदर्भातून भिलाईच्या स्टील प्लांटच्या कामाला आलेल्या बौद्धांची मोजकी घरं. बाबा ठेकेदाराकडे होते. निगमच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू म्हणाला, तुमची वस्ती अजून आमच्या नकाशात चढली नाही. निगमचा टँकर आमच्या अलीकडच्या रुआबांधा वस्तीतूनच माघारी फिरायचा. बाबा ड्यूटीवरून येताना सायकलला कॅन बांधून पाणी आणायचे. शेवटपर्यंत आणलं.

हद्द मात्र बदलत राहिली. गावाचे दोन तुकडे झाले. नवी पंचायत निघाली. वॉर्ड फिरले. मतं मागायची असली की आम्ही गावातले. पाणी मागितलं की शहरातले. आमचं घर वीतभरही हललं नाही आणि आम्हाला कुठलंच गाव नाही. घर विकून जावं म्हटलं तर अशा जागेला घेणार कोण? मी लग्न होऊन भिलाईतच खुर्सीपारला गेले. नवरा वारला तेव्हा परत इथंच आले. तीच साखळी.

यंदा बातमी आली की निगम उरलेलं गावही घेणार. गावाला ते नको होतं. विरोधाचा ठराव करायचा तर ग्रामसभेत हात हवेत. कोतवालाची मुनादी, म्हणजे दवंडी, पहिल्यांदा आमच्या दारात वाजली. दाऊ गेला, आता मुलगा सरपंच. त्यानं मला पुढे सतरंजीवर बसवलं.

"दीदी, आप तो हमारे ही गांव की हो. हाथ उठाओ."

मी म्हटलं, "पहले नल की सांकल खोलो."

"वो बाद में देखेंगे."

माझा हात मांडीवरच राहिला. माझ्यामागे वस्तीतल्या सगळ्या बायांचे हातही खालीच राहिले. कुणी हसलं नाही.

ठराव पडला. निगमकडे जाणाऱ्या गावाची हद्द पक्की करायला आज दुपारी मोजणीवाले आले. पुढे सरपंच. पुन्हा आमच्याच अंगणातून चुना. जाताना तो म्हणाला, "इस बार मिटाना मत."

आई आता थकलीय. रेघेकडे बघत ओट्यावर बसून होती.

"पोरी, उगी राह्य. आपल्याले इथंच राहाचं हाये."

"राहाचं हाये म्हणूनच उगी नाही राहात, आई."

शेण आणून ठेवलंय. उद्या सकाळी अख्ख्या अंगणात सडा घालणार आहे. रेघेवरसुद्धा. मग घागर घेऊन बोरिंगवर जाईन. वस्तीतल्या बाया सोबत येतायत. साखळी उघडली तर ठीक, नाही तर तोडू. पुन्हा खुर्ची टाकून बसायला आले तर येऊ देत. या घरातली खुर्ची त्यांना मिळणार नाही. आणि चुन्याला या घरातला हात लागणार नाही.