माझ्या बाजूचा स्पीकर

ज्या माणसाने आयुष्यात एक सिनेमा धड पूर्ण पाहिला नाही, मध्यंतराच्या आधीच ज्याची मान कलते, त्या माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर घरी होम थिएटर आणलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाच स्पीकर आणि एक दणदण वाजणारा डबा. मी विचारलं, "काऊन आणलं हे?" हे काही बोलले नाहीत. त्यात नवल नव्हतं. मला उत्तर देणं यांनी केव्हाच सोडलं होतं.

भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडणात मी कधी हरले नसते. पण मी बोलायची आणि हे समोर बघत राहायचे, जसं कुणी बोललंच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारं पोर माझ्या आवाजाने उठून बसायचं. ऐकू येत नसेल का, हेही मनात येऊन गेलं. पण मी पारखून पाहिलं. फोनवर यांच्या गप्पा रंगत, पलीकडचा माणूस कितीही हळू बोलो. शेजारचे काका संध्याकाळी सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला येऊन बसत, त्यांचा शब्दन्‌शब्द यांना कळे. गाडीने अकोल्याला जाताना मात्र बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी एकटीच बोलायची. आणि सत्यनारायणाला तर कहर झाला. गुरुजींचे मंत्र चालू असताना मी अगदी हळू म्हटलं, "उपरणं सावरा, समईत जाऊन राहिलं." यांनी तत्काळ सावरलं.

म्हणजे कान शाबूत होते. फक्त माझं ऐकायचं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हा माणूस मला कंटाळला आहे, ही भीती माझ्या पोटात बसली होती आणि ती मी कुणाला, लेकीलासुद्धा, सांगितली नव्हती. सांगितली असती तर ती खरी झाली असती असं वाटायचं.

होम थिएटर लावून द्यायला अकोल्याहून माझे धाकटे दीर आले. ते जुन्या शहरात राहतात आणि त्यांच्याकडे असाच संच आहे, त्यामुळे या बाबतीत ते स्वतःला तज्ज्ञ समजतात. त्यांनी एका स्टँडवर बोटाएवढा माइक लावला आणि तो सोफ्यावर, यांच्या नेहमीच्या जागी, बरोबर कानाच्या उंचीवर ठेवला. प्रत्येक स्पीकर पाळीपाळीने आवाज काढणार, माइक तो ऐकणार आणि कोणाला किती मोठं बोलायला लावायचं ते यंत्र आपलं आपण ठरवणार. त्यासाठी घरात चिडीचूप हवी.

"वयनी, कूलर बंद करा. आन् मशीन सांगते तोवर कोनी बोलाचं नाई."

वऱ्हाडातल्या मे महिन्यात कूलर बंद करायला लावणारं यंत्र मला तिथेच खटकलं. शिवाय ते घरातलं सगळं ऐकत होतं. ऐकून कुणाला सांगत असेल, काय भरवसा? मी दिरांना म्हटलं, "तुमच्या दादाले बोलू नका म्हनून सांगाची गरज नाई. त्यायले सवय आहे." हे भिंतीकडे बघत होते. मी यांच्या डाव्या हाताला उभी होते, माझ्या नेहमीच्या जागेपाशी.

फुस्स, टुंई, फुस्स असं बराच वेळ चाललं. आम्ही तिघं घामाने निथळत उभे. शेवटी पडद्यावर सगळं ठीक असल्याचा निरोप आला. दिरांनी एक गाणं लावलं. हे माइक बाजूला सारून आपल्या जागी बसले आणि म्हणाले, "डावा बोलूनच नाई राहिला."

"दादा, बोलून राहिला ना. मशीनने दोनी सारखे केले."

"मशीनले काय माईत? बसनारा मी आहो."

दिरांनी वायर बदलली. डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून पाहिला. माइक लावून पुन्हा सगळा खेळ केला, पुन्हा कूलर बंद. यांचं एकच पालुपद, डावी बाजू मेली आहे. शेवटी दिरांनी खिडकीवर खापर फोडलं. डावीकडे खिडकी आहे, आवाज तिच्यातून बाहेर जातो. मग सांभारवडी खाल्ली आणि दादाने लहानपणापासून आपल्यावर कधी विश्वास ठेवला नाही असं मला स्वयंपाकघरात ऐकवून ते अकोल्याला गेले.

मग यांनी ते काम स्वतःच्या हाती घेतलं. टेप लावून सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं. रिमोट घेऊन डाव्याचा आवाज थोडा वाढवला, ऐकलं, मान हलवली, आणखी वाढवला. रोज हेच. माझ्याशी बोलायला नाही, पण त्या खोक्याचं ऐकायला यांच्याकडे सगळा दिवस होता. मला त्या स्पीकरचा मत्सर वाटू लागला, आणि त्याची लाजही वाटली.

एकदा हे भाजी आणायला गेले असताना मी यांच्या जागेवर बसले आणि बातम्या लावल्या. सगळा गोंगाट डावीकडून अंगावर आला. उजवीकडे जवळपास काहीच नाही. डावीकडे, जिथे मी रोज बसते, नेमका तिथे. आता मला सगळं लख्ख कळलं. माझा आवाज कानी पडू नये म्हणून या माणसाने आमच्या दोघांच्या मध्ये आवाजाची भिंत घातली होती. रडायला आलं नाही, संताप आला. दिरांनी यंत्राचं मूळ माप परत आणायचं बटण मला दाखवून ठेवलं होतं. मी ते दाबलं.

हे आले, पिशवी ठेवली, टीव्ही लावला.

"कोनी हात लावला याले?"

"मी कायले लावू?"

यांनी पुन्हा तपासणी सुरू केली. त्यात नुसता फुस्स असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो आणि कोणता वाजतो आहे ते टीव्हीवर दिसतं. हे डोळे मिटून बसले. डोळ्यांनी कान फसतात असं यांचं म्हणणं. पकडले जाऊ या धास्तीने मी टीव्हीपाशी उभी राहून बघत होते. पडद्यावर डावा स्पीकर उजळला. यांनी बोट उजवीकडे केलं. "हा उजवा." मग खरोखरचा उजवा वाजला. "हा बी उजवाच." मागचा डावा वाजला. बोट उजवीकडेच.

मला वाटलं, नाटक करतात. पण डोळे मिटून, एका खोक्यासमोर, कुणासाठी नाटक? मी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि यांच्या डाव्या बाजूला जाऊन, कानापासून वीतभर अंतरावर, अगदी हळू आवाजात, इतके दिवस पोटात असलेलं बोलून टाकलं.

"मले कंटाळले का तुमी?"

यांची पापणीसुद्धा हलली नाही. हे पुढच्या आवाजाची वाट पाहत बसले होते.

गाडीत मी डावीकडे, पलंगावर डावीकडे, सोफ्यावर डावीकडे. फोन उजव्या कानाला, काका उजव्या टोकाला. फक्त पूजेला बायको उजवीकडे बसते, म्हणून त्या दिवशी बसले होते. मी सोफ्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि हळूच म्हटलं, "ऐकू येते का?"

"येते ना. आवाज काऊन बंद केला?"

"तुमचा डावा कान गेला. मी आताच त्या बाजूनं बोलली. रोजच बोलतो मी तिकडून."

यांनी डोळे उघडले. हात डाव्या कानाकडे नेला, तिथे बोटं चोळून पाहिली, मग उजव्या कानाशी चोळली, पुन्हा डाव्याशी. मी शेजारी टेकले. उद्याच डॉक्टरकडे जायचं असं मी म्हटलं, त्याला यांनी मान हलवली. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "इतके दिवस मी बोलून राहिली, तुमाले दिसत तं असन. काय वाटे तुमाले?"

हे त्या पाच स्पीकरांकडे बघत म्हणाले,

"मी तं समोर पाहो. मले वाटलं, रिटायर होऊन घरी बसलो तशी तू माह्याशी बोलनंच सोडलं. घर लई चूप झालं होतं. म्हनून तं हे आनलं."