गोदाबाईचा पंजा

"पण हात दाखवलासच कशाला?" दर्शनाने तिसऱ्यांदा विचारलं.

"मंग काय पाय दाखवू?" गोदाबाई कोथिंबीर निवडत म्हणाली. "आशीर्वाद दिला मी."

सकाळी व्हिडिओ कॉलवर दर्शनाची होणारी सासू ग्रीसमधून पहिल्यांदाच दिसली होती. गोदाबाईने पाच बोटं पसरून अख्खा पंजा फोनपुढे धरला. त्या बाईने फोनच बंद केला. मग होणाऱ्या नवऱ्याने, निकोसने, दर्शनाला सांगितलं, असा पंजा आमच्याकडे तोंडावर थुंकल्यासारखा असतो.

"आये, रविवारी साखरपुडा ठरवायला पुन्हा फोन लावायचाय," दर्शनाचा बाप प्रफुल्ल आपल्या आईला म्हणाला. "तेवढा वेळ तू आतल्या खोलीत बस."

गोदाबाईचा हात थांबला. लिफ्टवाल्यापासून सिलिंडरवाल्यापर्यंत डोंबिवलीत तिच्या आशीर्वादाच्या पंज्याखालून न गेलेला माणूस नव्हता, आणि आता नातीच्याच साखरपुड्याला तो पंजा नको झाला होता.

"मी तुझ्या आजीकडे नवीन आलेली ना," ती प्रफुल्लला म्हणाली, "तवा मिठागरावर वाऱ्यात आवाज पोचायचा नाय. सगळं बोलणं हातानं. माझ्या माहेरी, खाडीपल्याड, पंजा वर केला की जागेवर थांबायचं. सासरी पंजा वर म्हणजे टोपली भरली, उचलायला ये. सासू बांधावरून पंजा करायची, आन मी उन्हात खांबासारखी उभी. ती आणखी जोरात करायची, मी आणखी ताठ."

दर्शनाला हसू आवरेना.

"हस," ती नातीला म्हणाली. "वर्षभर गावात कामचुकार म्हणून नाव झालं माझं. तुझ्या आजोबांजवळ एकदा सहज बोलले, तवा कुठं उलगडा झाला. सासू काय बोलली नाय. त्या दिवशी जिताडा माशाचं डोकं, मानाचा तुकडा, मात्र माझ्या ताटात वाढलं."

"सासूने आधीच विचारायचं ना," दर्शना म्हणाली.

"तिला काय माहीत, विचारायचं असतं ते? मलाही नव्हतं." गोदाबाईने देठं वर्तमानपत्रात गुंडाळली. "ती बाई आता तिकडं काय बोलत असंल, सांग. पोरीच्या घरची म्हातारी तोंडावर थुंकली. असंच ना? आन तू लग्न करून त्याच घरात जाणार."

प्रफुल्ल म्हणाला, "निकोस सांगेल तिला समजावून."

"त्यानं सांगितलेलं वेगळं."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि दोघांकडे न बघताच म्हणाली, "रविवारी मी आत बसणार नाय. फोन लागला की पहिली मी बोलणार, हात पदराखाली ठेवून. पंज्याचं तिला मीच सांगणार. दर्शना, तू तिच्या भाषेत सांगत जा. साखरपुड्याचं त्याच्यानंतर."