दवातला कापूस

जिम्नॅस्टिक्सच्या रिंगांवर क्रॉस करायचा म्हणजे दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत सरळ पसरून, अधांतरी, दोन सेकंद निश्चल राहायचं. पाहणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. पण रिंग एका जागी थांबत नाही, कोपर वाकलं की गुण गेले, आणि अंगाचं सगळं वजन खांद्यांवर येतं. दिग्रसच्या व्यायामशाळेत दंड मिरवणारे पहिलवान त्या रिंगांना जरा लोंबकळून मुकाट खाली उतरायचे, तेव्हा मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मिरवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

ताकद वाढवायला कमरेला वजन बांधून सराव करतात. वाळूची पिशवी मांड्यांना लागायची, म्हणून मी कापसाचं गाठोडं बांधायचो. व्यायामशाळेतल्या सरांनी आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाला जुन्या रिंगा टांगून दिल्या होत्या आणि बजावलं होतं, पाच किलोच्या वर जायचं नाही.

विभागीय निवड आठवड्यावर आली, तेव्हा माय माझ्यासाठी उजाडताच कापूस वेचायला जाऊ लागली. कॉलेजआधी गाठोडं तयार होऊन माझा सराव व्हावा म्हणून. दवातला कापूस जड भरतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून ती गाठोडं मुद्दाम लहान बांधायची. मला घाई झाली होती. एका सकाळी तिची पाठ फिरल्यावर मी गाठोडं सोडलं आणि त्यात आणखी तेवढाच कापूस कोंबला.

हात पसरले आणि उजव्या खांद्यात जुनं धोतर फाटावं तसा आवाज झाला. मी खाली पडलो. गाठोडं सुटून कापूस धुऱ्यावर पसरला.

माय धावत आली. "दवाचा कापूस होता ना बा. मोठं बांधलं का म्या?"

मी मान हलवली. हो म्हटलं.

निवड गेली, रिंगाही सुटल्या. त्यानंतर दव वाळल्याशिवाय माय कधी कापसात शिरली नाही. बाकीच्या बाया थंड वेळेला निम्मं काम उरकत, आणि ही भर उन्हात वेचत राही. इतकी वर्षं मी ते पाहिलं. स्वतःची शरम वाटायची, पण जीभ उचलली नाही.

यंदा सीतादहीला, पहिल्या वेचणीच्या पूजेला, तिनं शेतात दहीभात ठेवला. तेव्हा मी म्हणालो, "माय, तू गाठोडं लहानच बांधलं होतं. वरून कापूस म्याच भरला."

तिनं दहीभाताचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "इतके वर्स काहून नाही सांगतलं?"

मी उजवा खांदा चोळू लागलो.

"हात वर कर बरं."

मी केला. उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं कोपराला धरून तो जरा वर न्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा ती घरात नव्हती. शेतात गेलो. ती कापसात होती, लुगडं गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेलं. धुऱ्यावर एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. मी ते डाव्या हातानं उचलून पाहिलं. लहानच बांधलं होतं.