कागदाचा वळ

तुमच्या घरातली बाई कशाने गेली, हे चारचौघांत त्या अवयवाचं नाव घेऊन सांगायची हिंमत तुमच्यात आहे का? आमच्यात नव्हती. मागच्या महिन्यात शेवंताआत्या गेली, तेव्हा आम्ही वर्तमानपत्रात ‘अल्पशा आजाराने’ असं छापून आणलं. तो आजार अल्प नव्हता. आमची जीभ अल्प होती.

आत्या कोल्हारची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. बेचाळीसच्या धामधुमीत आमची भूमिगत चळवळीची पत्रकं ती चोळीच्या आत, फडक्याच्या पट्टीने घट्ट बांधून राहुरीपर्यंत न्यायची. डोक्यावर भाजीची पाटी. नाक्यावरचे शिपाई पाटी उपसायचे आणि तिला सोडून द्यायचे. “मुडद्यांनी चार वांगी लांबवली,” परत आल्यावर ती हसत सांगायची.

पट्टी काचून डाव्या बाजूला वळ उठला होता. पुढे काही वर्षांनी तिथेच गाठ लागली, तेव्हा ती म्हणाली, “आगं, त्या कागदांचा वळ हाय त्यो. सरकारनं दिल्याला बिल्ला!” आम्ही सगळे हसलो. मला तर अभिमानच वाटला… शिपायाचा हात जिथे जात नव्हता, तिथे आमची चौकशीही गेली नाही. झेंडा बदलला, गाठ वाढत राहिली, आणि मी स्त्रियांच्या दास्यावर आवेशाने लेख लिहीत राहिले.

अखेर हात वर उचलेना, तेव्हा तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नुसत्या बोटांनी नक्की कळत नाही. सुईने थोड्या पेशी ओढून काचेवर घेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते. साधी गाठ आहे की कर्करोग, ते त्यात दिसेल.”

“सुई टोचली की गाठ चिडती म्हनत्यात,” आत्या पुटपुटली.

“ती न टोचताच चिडलीय, बाई.”

सुई आत गेली आणि बाहेर आली. आत्याने डोळे उघडले. “झालं? येवढ्यापायी मी घाबरून बसले व्हय? बाभळीचा काटा यापरीस लई दुखतो!”

काच बघून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिची काख पुन्हा चाचपली. तिथेही गाठी होत्या; कर्करोग पसरला होता. “आधी का आणलं नाही?” त्यांनी मला विचारलं. आत्याच मला सांभाळत म्हणाली, “पोरीला काय ठावं? मीच बोलले न्हाई.” मला ठाऊक होतं. मी त्यावर हसले होते. मान वर करायची लाज वाटली, अजून वाटते.

ती पट्टी तिच्या खोलीत खुंटीला तशीच आहे. शाईचे डाग धुवूनही गेलेले नाहीत. ती कौतुकाने बघायला लोक येतात, पण खरं सांगायला गेलं की खाली बघतात. म्हणून इथे लिहिते : आत्या स्तनाच्या कर्करोगाने गेली.

हा अंक खाली ठेवाल, तेव्हा घरातल्या बाईला नीट शब्दांत विचारा, स्तनात गाठ लागते का? लागत असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जा, आणि ती सुई टोचू द्या.