वीतभर धुरा
तुपात हळद कढली की मला आर्वीकडच्या आमच्या गावातली, पोळ्याच्या आदल्या दिवसाची ती संध्याकाळ आठवते. जू ओढून राठ झालेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-तुपानं शेकतात. शेजारच्या वावरवाल्याचा एकुलता मुलगा चारच दिवसांपूर्वी वीज पडून गेला होता. घरात सुतक, आणि त्याचे बैल चिखलानं माखलेले, दाव्याला तसेच उभे. दोन वावरांमधला बांध, म्हणजे धुरा, कोणी कोरला यावरून या शेजाऱ्यानंच काठीनं बाबांचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद होतं. बाबा वाटी घेऊन त्याच्या गोठ्यात शिरले आणि त्याच वाकड्या हातानं त्याच्या बैलांचे खांदे चोळू लागले. तो ओट्यावरून नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "घेऊनच जाय त्याईले. हाकनारा गेला, आता मी कोनासाठी वावर वाहू?" बाबा नंतरही त्याच्याशी कधी बोलले नाहीत. त्याचं वावर मात्र बाबाच त्याच बैलांनी वाहायचे, आणि भांडणाच्या धुऱ्याशी आले की वखर उचलून बैल वळवायचे. आता दोघंही नाहीत. त्या वीतभर पट्टीवर गवत माजलंय, आणि तिथं पोचलो की मीही वखर उचलतो.